उन्हाळा आणि घरांतील मांजर

हा वार्षिक अंक आपल्या हातीं पडेल त्या सुमारास परीक्षा आटोपत आलेल्या असतील आणि मुलांच्या मनांत सुटीचे बेत सुरू झाले असतील. कोणी आजोळीं जाईल, कोणी लग्नकार्यास, कोणी समुद्रकांठीं. घरांतील माणसांची सोय कशी लावावयाची ह्याचा विचार पालक मंडळी आधींपासून करीत असतात. परंतु पुष्कळ घरांत आणखी एक जीव असतो. त्यास कोणी बेत विचारीत नाहीं, आणि त्यास आपली अडचण बोलून सांगतां येत नाहीं. अलीकडे आमच्या वर्गांतील मुलांच्या घरोघरीं मांजरें पाळलेलीं आढळतात. त्यांतील बरींचशीं, विशेषतः वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडांतलीं, रात्रंदिवस घरांतच असतात. अशा मांजराचा उन्हाळा कसा जातो व तो सुखाचा कसा करावा, ह्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका प्रसंगानें, आणि त्यांत दोष सर्वस्वीं आमचा होता. दोन वर्षांपूर्वीं एप्रिल महिन्यांतील एका रविवारीं सकाळीं आम्ही सहकुटुंब उपासनेस निघालों. मंदिरांतून परस्पर एका नातलगाकडे भोजनास जावयाचें होतें. आमच्या घराच्या माडीवर पत्र्याची एक लहानशी खोली आहे. तींत जुनीं पुस्तकें, पेट्या व अडगळ असते. निघण्याच्या घाईंत एक पुस्तक हवें म्हणून आम्हीं ती खोली उघडली, पुस्तक घेतलें आणि बाहेरून कडी लावून खालीं आलों. आमची मनी मांजर आमच्या पायांमागून केव्हां आंत शिरली हें आम्हांस कळलें नाहीं. आम्हीं मागें वळून पाहिलें नाहीं, एवढेंच खरें.

दुपारीं तीन वाजतां परत आलों. नेहमीं दारांत सामोरी येणारी मनी त्या दिवशीं आली नाहीं. धाकट्या मुलीनें हांका मारिल्या, न्हाणीघर पाहिलें, पलंगाखालीं पाहिलें, आणि शेवटीं ती माडीवर गेली. तिनें कडी काढली तेव्हां मनी पेट्यांच्या आड भुईवर आडवी पडलेली होती. तोंड उघडें, जीभ बाहेर, हनुवटीवरून लाळ गळत होती आणि कुशी भात्यासारख्या हालत होत्या. मुलीची हांक ऐकून तिनें उठण्याचा यत्न केला, पण मागचे पाय तिला उचलेनात.

मग घरांत एकच धांवपळ उडाली. ऊन लागलें आहे म्हणून आमच्या मातोश्रींनीं कांदा ठेचावयास घेतला. मुलानें फ्रिजमधील सगळा बर्फ घमेल्यांत ओतला व त्या पाण्यांत मनीला बुडवावी असें तो म्हणूं लागला. आणि आम्ही, ज्यांस चारचौघांत शहाणे म्हणवून घेण्याची संवय आहे, ते आम्ही, तिचें अंग चटका बसण्याइतकें तापलेलें पाहून तापाची गोळी पाण्यांत कालविण्याच्या खटपटीस लागलों. सुदैवानें तेवढ्यांत आमच्या पत्नीनें गांवांतील पशुवैद्यांस फोन लाविला. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, "तिला कांहीं पाजलें तर नाहीं ना?" नाहीं म्हणून सांगतांच ते म्हणाले, "कांदा, बर्फ, गोळी, तिन्ही बाजूस ठेवा. माठांतलें पाणी अंगावर घाला, पंखा लावा, आणि मग इकडे घेऊन या."

मनी वांचली. दोन दिवस तिला सलाइन द्यावें लागलें, आणि पुढें आठवडाभर ती एका कोपऱ्यांत निजून असे. आमच्या घरांत त्या दुपारीं मायेची उणीव मुळींच नव्हती. तिघांनीं तीन उपाय काढले ते मायेपोटींच काढले. आणि त्यांतील प्रत्येक उपायानें तिला अपाय झाला असता, एकानें तर तिचा प्राणही गेला असता. असें कां, हें समजण्यासाठीं मांजराच्या शरीराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

मांजर हा मूळचा कोरड्या प्रदेशांतील प्राणी होय. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें दिसून आलें कीं, जगांतील पाळीव मांजरें पश्चिम आशियांतील रानटी मांजरांच्या एका जातीपासून उत्पन्न झालीं आहेत. सायप्रस बेटावर सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या थडग्याशेजारीं मांजराचा सांगाडा पुरलेला सांपडला, हें २००४ सालीं जगापुढें आलें. म्हणजे मनुष्याची व मांजराची सोबत किती जुनी आहे पाहा! ओसाड प्रदेशांत पाणी दुर्मिळ, म्हणून ह्या प्राण्याचीं मूत्रपिंडें शरीरांतील पाणी जपून वापरणारीं बनलीं. शिकारीच्या मांसांतील ओलाव्यावर त्याची बरीचशी गरज भागत असे. कारण उंदराच्या शरीरांत शेंकडा सत्तरच्या आसपास पाणीच असतें.

येथें एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, "गुरुजी, वाळवंटांतल्या प्राण्यास आमच्या उन्हाची काय मातब्बरी?" प्रश्न योग्य आहे. परंतु तो रानटी पूर्वज भर दुपारीं उन्हांत हिंडत नसे. तो दिवसा झुडपाच्या सावलींत किंवा बिळाच्या गारव्यांत पडून राही व सांजसकाळ आणि रात्रीं शिकारीस निघे. उन्हापासून त्याचें खरें संरक्षण म्हणजे जागा निवडण्याची मोकळीक. आपल्या वाड्याच्या वळचणीस राहणारें गांवांतलें मांजर आजही तेंच करितें. तें रांजणाखालच्या ओल्या मातींत बसतें, गोठ्यांत जातें, विहिरीच्या कांठच्या दगडावर निजतें. घरांत ठेवलेल्या मांजराची ही मोकळीक आपण काढून घेतलेली असते. रस्त्यावरील मोटारी, कुत्रीं व रोगराई ह्यांपासून तें वांचावें अशा सद्‌हेतूनेंच आपण दार लावतों, हें खरें. पण दार लावलें कीं त्याच्या वांट्याची गार जागा शोधण्याचें काम आपल्याकडे येतें.

आतां उष्णतेचा हिशेब पाहूं. निरोगी मनुष्याच्या शरीराची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. निरोगी मांजराची ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान. म्हणून मांजर हातास नेहमींच कोंबट लागतें. ही उष्णता ४० अंशांच्या वर चढूं लागली म्हणजे धोका सुरू होतो, व ४१ अंशांपलीकडे मेंदू, मूत्रपिंडें आणि आंतडीं ह्यांस इजा पोंचूं लागते. आपल्या पठारावर मे महिन्यांत हवेचाच पारा ४० च्या वर जातो. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं तो ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. पत्र्याखालच्या कोंडलेल्या खोलींत बाहेरच्या सावलीपेक्षांही अधिक उष्णता सांचते. हवाच शरीरापेक्षां तापलेली असली म्हणजे शरीरांतील उष्णता हवेंत जावी कशी? तेव्हां एकच वाट उरते. ती म्हणजे पाण्याची वाफ होऊं देणें. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें घाम आलेलें अंग गार होतें, कारण वाफ होणारें पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातें.

मनुष्यास सर्वांगास घाम येतो. मांजरास तसा येत नाहीं. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाखालच्या मऊ गाद्यांत असतात, आणि एवढ्याशा जागेंतून सर्व शरीराची उष्णता जाणें शक्य नाहीं. म्हणून मांजर दुसरी युक्ति योजितें. तें आपलें अंग चाटतें. केंसांवर बसलेली लाळ वाळतांना त्यास गारवा मिळतो. उन्हाळ्यांत मांजर अधिक चाटूं लागलें तर केवळ नटवेपणा म्हणून हंसूं नये. तें आपल्या अंगावर पाणी शिंपडीत असतें.

ह्यांतून एक गोष्ट निघते, ती आम्हीं आठवीच्या मुलांकडून प्रयोगानें सिद्ध करून घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेंतून दोन तापमापक घेतले. एकाचा फुगा कोरडा ठेविला, दुसऱ्याच्या फुग्यास पातळ ओलें फडकें गुंडाळलें, आणि दोन्ही पंख्यासमोर टांगले. खोलींत ३८ अंश उष्णता होती. कोरड्या तापमापकाचा पारा पंख्याच्या वाऱ्यानें जागचा हालला नाहीं. ओल्याचा कांहीं मिनिटांतच २३ वर उतरला. मुलांस मोठें नवल वाटलें. पंखा हवा गार करीत नाहीं; तो केवळ वाफ होण्याचें काम जलद करितो. आपण पंख्याखालीं घामेजलेले बसतों म्हणून आपणांस बरें वाटतें. कोरड्या केंसांचें मांजर मात्र त्या कोरड्या तापमापकासारखें असतें. "पंखा लावून ठेवला आहे, आतां मांजरास काळजी नाहीं," असें म्हणून घराबाहेर पडणारांनीं हा प्रयोग ध्यानांत ठेवावा. समुद्रकांठच्या दमट हवेंत पाणी लवकर वाळत नाहीं. म्हणून मुंबईस व कोंकणांत पारा ह्यापेक्षां खालीं असला तरी मांजराचे हाल होऊं शकतात, आणि पाण्याच्या कूलरचाही तेथें फारसा उपयोग होत नाहीं.

आतां त्या दुपारच्या तीन उपायांकडे वळूं. कांद्यांत व लसणींत अशीं द्रव्यें असतात कीं जीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो वा शिजविलेला असो, कांदा मांजराच्या पोटांत जातां कामा नये. आणि अंगावर चोळलेला रस तें चाटून गिळणार हें उघड आहे. बर्फाच्या पाण्यानें कातडीखालच्या रक्तवाहिन्या आंखडतात. शरीराच्या आंतली उष्णता रक्तावाटे कातडीकडे यावयाची, ती वाटच अरुंद होते व उष्णता आंत कोंडून राहते. शिवाय आधींच घाबऱ्या झालेल्या जिवास जबर धक्का बसतो. तिसरी आमची गोळी. ती सर्वांत घातक. तापाच्या साध्या गोळींतील पॅरासिटामॉल हें औषध मनुष्याचें यकृत निकामी करून बाहेर टाकूं शकतें. मांजराच्या यकृतांत तें काम करणारें पाचकद्रव्य पुरेसें नसतें. तें विष होऊन रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट करितें. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात. एक गोळीदेखील मांजराचा जीव घेण्यास पुरी पडते. शिवाय ऊन लागून तापलेलें अंग आणि रोगानें आलेला ताप ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तापांत शरीर स्वतःच आपली उष्णता वाढवितें, आणि गोळी त्यास तें थांबविण्यास सांगते. उन्हाच्या झटक्यांत शरीरास उष्णता नकोच असते, पण ती बाहेर टाकितां येत नाहीं. तेथें गोळीचा कांहीं उपयोग नाहीं.

इतकें समजल्यावर नित्याची व्यवस्था कशी असावी हें सांगणें सोपें आहे.

पहिली गोष्ट जागेची. घरांत सर्वांत गार जागा बहुधा न्हाणीघराची किंवा खालच्या मजल्यावरील शहाबादी फरशीची असते. मांजराच्या पोटावरील केंस विरळ असतात. गार फरशीवर पोट टेकून पसरलें कीं अंगांतील उष्णता फरशींत उतरते. थंडींत अंगाचें मुटकुळें करणारें मांजर उन्हाळ्यांत लांबच लांब पसरतें तें ह्याचसाठीं. म्हणून उन्हाळ्यांत गार खोलीचें दार मांजरासाठीं उघडें असावें, व तें वाऱ्यानें मिटूं नये म्हणून त्यास अडसर लावावा. पश्चिमेच्या खिडक्यांस दुपारीं जाड पडदे सोडावे. वाळ्याचे पडदे असतील व ते ओले ठेवतां येत असतील तर उत्तमच. रात्रीं बाहेरची हवा गार झाली म्हणजे खिडक्या उघडाव्या.

परंतु खिडकी उघडण्यापूर्वीं जाळी तपासावी. मांजर पडलें तरी पायांवरच पडतें, म्हणून त्यास भय नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. न्यूयॉर्क शहरांत उंच इमारतींवरून पडून दवाखान्यांत आणलेल्या १३२ मांजरांची माहिती तेथील पशुवैद्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. दवाखान्यांत आणलेल्यांपैकीं बहुतेक वांचलीं, पण पुष्कळांच्या छातीस मार बसला होता, कोणाचे पाय मोडले होते, कोणाचे जबडे. गच्चीच्या कठड्यावर वाऱ्यास निजलेलें मांजर झोंपेंत कूस बदलतें, किंवा पांखरामागें झेप घेतें, आणि मग व्हावयाचें तें होतें. डासांची नाजूक जाळी मांजराच्या नखांपुढें टिकत नाहीं. तारेची मजबूत जाळी चौकटींत पक्की बसवावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. मांजरास तहान उशिरा लागते, म्हणून पाणी त्याच्या वाटेंत ठेवावें लागतें. घरांत दोन तीन ठिकाणीं, ऊन पोंचणार नाहीं अशा जागीं, रुंद तोंडाचीं पसरट भांडीं ठेवावीं. मातीचें परळ मिळालें तर पाणी गार राहतें. पाणी सकाळसंध्याकाळ बदलावें, व भांडें त्याच्या मलमूत्राच्या पेटीपासून दूर असावें. हल्लीं बाजारांत मिळणाऱ्या कोरड्या खाद्यांत शेंकडा दहाच्या सुमारास पाणी असतें. वर सांगितलेल्या उंदराशीं ह्याची तुलना करून पाहावी. केवळ असें कोरडें खाणें घालीत असाल तर उन्हाळ्यांत तें भिजवून द्यावें, अथवा उकडलेली मासळी किंवा कोंबडीचें मांस, मीठमसाला व कांदालसूण न घालितां, त्याच्या पाण्यासकट द्यावें. खाणें सकाळीं लवकर व संध्याकाळीं ठेवावें आणि उरलेलें अर्ध्या तासानें उचलावें. उन्हाळ्यांत तें लवकर नासतें. मांजर डोळे मिटून दूध पितें ही म्हण आपल्या तोंडीं आहे, परंतु पुष्कळशा वयांत आलेल्या मांजरांस दूध पचत नाहीं. त्यानें ढाळ लागले तर अंगांतलें असलेलें पाणीही जातें. तहानेस पाणीच द्यावें.

पाणी कमी पडलें म्हणजे मूत्र दाट होतें, आणि बोक्यांच्या बाबतींत तें अडण्याचें भय असतें. बोका पुनःपुन्हां पेटींत जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल आणि थेंबभरही लघवी होत नसेल, तर तें बद्धकोष्ठ समजून स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणें जिवावर बेतूं शकतें.

तिसरी गोष्ट अंगावरील केंसांची. लांब केंसांच्या मांजरास रोज विंचरून सुटे केंस काढावे, म्हणजे हवा कातडीपर्यंत पोंचते. परंतु उन्हाळा आला म्हणून सर्व केंस भादरूं नयेत. केंस उन्हापासूनही कातडीचें रक्षण करितात. पांढऱ्या मांजरांच्या कानांचीं टोकें व नाक उन्हानें भाजतें, आणि वर्षानुवर्षें असें होत राहिल्यास तेथें कर्करोगही होऊं शकतो. अशा मांजरास भर दुपारीं उन्हाच्या खिडकींत निजूं देऊं नये. ह्या ऋतूंत पिसवा व गोचिड्या वाढतात. त्यांवर कुत्र्यासाठीं आणलेली पूड किंवा औषध मांजरास कदापि लावूं नये. त्यांतील पर्मेथ्रिन हें द्रव्य कुत्र्यास सोसतें, पण मांजरास झटके आणून मारूं शकतें. दुपारीं अंगावरून ओला हात किंवा ओलसर फडकें फिरविलेलें मात्र बहुतेक मांजरें सोसून घेतात. त्या ओलाव्यावर पंखा लावावा, म्हणजे आमच्या दुसऱ्या तापमापकाचा गुण त्यांस येईल.

चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांस श्वास घेणें मुळांतच जड जातें. तीं, तसेंच लठ्ठ, म्हातारीं, अगदीं लहान पिल्लें आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारानें आजारी असलेलीं मांजरें, ह्यांस उन्हाळ्यांत अधिक जपावें.

इतकें करूनही एखादे वेळीं ऊन बाधलें तर तें ओळखावें कसें? कुत्रा धापा टाकतो तें त्याच्या नेहमींच्या रीतीस धरून असतें. मांजराचें तसें नाहीं. मांजर तोंड उघडून धापा टाकूं लागलें कीं तें संकटाचें चिन्ह समजावें. लाळ गळणें, हिरड्या लालभडक होणें, चालतांना झोंकांड्या जाणें, वांति होणें, हांकेस ओ न देणें, हीं पुढचीं लक्षणें होत. अशा वेळीं प्रथम त्यास सावलींत, गार फरशीवर आणावें. साध्या गार पाण्यानें पाय, पोट व कुशी भिजवाव्या आणि वारा घालावा. आपल्याकडे दुपारीं गच्चीवरील टांकीचें पाणी कढत झालेलें असतें, तें घेऊं नये; माठांतील घ्यावें. ओलें फडकें अंगावर टाकून तसेंच ठेवूं नये, कारण तें लवकर गरम होऊन उष्णता कोंडतें. पाणी पुनःपुन्हां लावावें. शुद्ध असेल व आपण होऊन प्यालें तर पाणी पुढें ठेवावें, पण तोंडांत ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाईल. तापमापक लावतां आला तर ३९.५ अंशांवर उष्णता उतरतांच भिजविणें थांबवावें, नाहीं तर अंग नको तितकें गार पडतें. आणि मांजर उठून बसलें तरी त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें. मूत्रपिंडांस झालेली इजा एकदोन दिवसांनीं दिसूं लागते. दवाखान्याचा फोन नंबर आधींच भिंतीवर लिहून ठेवलेला असावा. संकटाच्या वेळीं तो शोधीत बसणें किती कठीण जातें, हें आम्हीं अनुभवलें आहे.

आतां सुटीविषयीं. दोन दिवसांहून अधिक काळ घर बंद राहावयाचें असेल तर परळभर पाणी व ताटलीभर खाणें ठेवून जाणें पुरें नव्हे. मांजर पाणी सांडतें, खाण्यास मुंग्या लागतात. कूलरवर भिस्त ठेवावी तर वीज जाते, व बंद घरांत तें कळावयासही कोणी नसतें. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी आणि त्यांनीं दिवसांतून दोन वेळां येऊन पाहावें असें ठरवावें. बरोबर न्यावयाचें असेल तर प्रवास पहांटे किंवा रात्रीं करावा, टोपली हवेशीर असावी, आणि उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत मांजरास क्षणभरही ठेवूं नये. कांचा बंद असलेली मोटार आमच्या पत्र्याच्या खोलीहूनही लवकर तापते.

ही सर्व कामें मुलांस करितां येण्याजोगीं आहेत. पाणी बदलणें, केंस विंचरणें, न्हाणीघराचें दार उघडें आहे कीं नाहीं तें पाहणें, ह्यास पैसा लागत नाहीं. पालकांस आमची विनंति आहे कीं, हीं कामें त्यांनीं मुलांकडे नेमून द्यावीं व तीं होतात कीं नाहीं तें अधूनमधून विचारावें.

आमच्या घरीं त्या रविवारपासून एक रीत पडली आहे. बाहेर निघतांना सर्वजण उंबऱ्यापाशीं आले म्हणजे धाकटी मुलगी विचारते, "मनी कोठें आहे?" मनी डोळ्यांनीं दिसल्याशिवाय कुलूप लागत नाहीं. कधीं ती न्हाणीघरांत असते, कधीं कपाटांत कपड्यांवर निजलेली सांपडते, आणि मग कपाटाचें दार उघडें ठेवून आम्ही निघतों. ह्यापायीं एकदोनदां उपासनेस उशीरही झाला आहे. मनीनें ती गोष्ट मनांत धरिलेली दिसत नाहीं. संध्याकाळीं आम्ही वह्या तपासावयास बसलों कीं ती पूर्वींसारखीच शेजारीं येऊन बसते. ज्या हातानें त्या दिवशीं कडी लावली तोच हात तिच्या पाठीवरून फिरतांना आम्हांस मात्र दर वेळीं तें आठवतें. ह्या सुटींत आपणां कोणाच्या घरीं तसा प्रसंग न येवो, म्हणून हा लेख. निघतांना एकदां मागें वळून पाहावें, आणि मग कुलूप लावावें.